पट्टी भरली, ड्राइव्ह रिकामा

"भरली! अहो, भरली की पट्टी! एका दमात!"

टॅमरॅक फोर्डच्या वाचनालयात असा आरडाओरडा मी कधी ऐकला नव्हता. एरवी तिथे कुणी जोरात शिंकलं तरी ग्रंथपाल म्युरिएल चष्म्यावरून रोखून बघायची. त्या दिवशी पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवलेली होती, माणसं टेबलांवर आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून उभी होती आणि म्युरिएल स्वतःच टाळ्या वाजवत होती. बाहेर भर दुपारी आकाश गाजराच्या रंगाचं झालं होतं. गाड्यांच्या टपांवर राख साचत होती. दर थोड्या वेळाने कुणीतरी दाराशी जाऊन डोंगराकडे बघून यायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं.

गावात माझं औषधांचं दुकान आहे. म्युरिएलला दमा. तिला श्वासाचा पंप द्यायला म्हणून मी आलो आणि दारातच अडकलो.

सगळ्यांच्या मधोमध संगणकासमोर बसला होता ऑरिन टॅगार्ट. पाठीवर पांढरी वेणी, कोपरापर्यंत तांब्याची कडी. मागच्या उन्हाळ्यात हाच माणूस जत्रेत लोहचुंबकाचे बुटातले तळवे विकत होता आणि ते घातले की गुडघे बोलायचे थांबतात, असं सांगत होता. आता त्याच्या हातात तांब्याचं एक टोपण होतं. पेन ड्राइव्ह संगणकाला लावला की त्यावर ते टोपण चढवायचं, डोळे मिटायचे, कळफलकावर एक ओळ टाइप करायची आणि "सोड!" म्हणायचं. पडद्यावरची ती हिरवी पट्टी, जी एरवी गोगलगायीलाही लाजवील अशी सरकायची, ती सर्रकन शेवटाला जाऊन भिडायची.

"यंत्राला धाप लागलीय, मित्रांनो," टॅगार्ट सांगत होता. "या धुराने हवेतला प्रवाह गढूळ झालाय. माणसाचा श्वास अडकतो तसा यंत्राचाही अडकतो. तांबं तो गाळ ओढून घेतं. मी काहीच करत नाही. मी फक्त यंत्राची समजूत काढतो."

"यंत्राची समजूत!" माझ्या शेजारची बाई भारावून पुटपुटली.

लोक इतके का भारावले होते, ते सांगायला हवं. जंगलातली आग डोंगराचा कडा ओलांडून अलीकडे आली होती. गाव सोडायचा हुकूम अजून निघाला नव्हता, पण निघाला की तडक निघायचं, अशी ताकीद होती. खांबांवरची टेलिफोनची तार जळाल्यामुळे फोन बंद, इंटरनेट बंद. आणि गावाची सगळी आठवण या वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या एका मोठ्या संगणकात होती; बाहेर टॅगार्टसमोरचा संगणक तारेने त्यालाच जोडलेला होता. लोकांच्या जुन्या टेप, लग्नांची चित्रणं, लाकूडगिरणीतले फोटो, मेलेल्या माणसांचे आवाज, सगळं म्युरिएलने आणि शाळेतल्या सॉल्विगबाईंनी कित्येक हिवाळे खपून त्यात भरलं होतं. आता ज्याला त्याला आपलं आपलं पेन ड्राइव्हवर घेऊन निघायचं होतं.

दोन्ही संगणकांवर लिनक्स होतं, ती फुकट मिळणारी प्रणाली. वाचनालयाला तेवढंच परवडलं. पण तिच्यावरून पेन ड्राइव्हवर काही उतरवायचं म्हणजे जीव खालीवर व्हायचा. पट्टी हलायची, थांबायची, पुन्हा मुंगीएवढी हलायची. बाहेर राख पडत असताना त्या पट्टीकडे बघत उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. माणसं संगणकाला शिव्या घालत होती, एकमेकांवर खेकसत होती. सॉल्विगबाईंना त्यातलं कळायचं, पण त्या गावात नव्हत्या. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना शाळेच्या बसने शहरात पोचवायला गेल्या होत्या.

अशा वेळी टॅगार्ट आला. "मला फक्त पासवर्ड द्या," म्हणाला. म्युरिएलने देऊन टाकला.

मी जरा पुढे सरकलो. "ऑरिन, तांबं नसेल तर काय होईल? एकदा टोपण न लावता करून दाखव ना."

तो हसला. सगळ्यांकडे वळून म्हणाला, "औषधवाल्याला गोळीच्या पलीकडचं दिसत नाही. आज दुकानात गिऱ्हाईक नाही वाटतं?"

लोक हसले. कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला केलं. "बाबा, रांग थांबवू नकोस. तुझं काय जातंय? होतंय ना काम!"

काम होत होतं हे खरंच. पट्टी भरली की टॅगार्ट त्या माणसाला दोन्ही हात टोपणावर ठेवायला लावायचा. मग दोघांनी मिळून लांबच लांब हुंकार भरायचा. "बसू दे, बसू दे. आठवणी नव्या घरात बसतायत." भरपूर हुंकार झाला की तो ड्राइव्ह काढून द्यायचा. सकाळी ज्यांनी नेले त्यांनी बाजूच्या संगणकावर उघडून पाहिले. फोटो होते, आवाज होते. बातमी गावभर झाली आणि रांग दाराबाहेर गेली.

त्याचे नियमही होते. एका वेळी थोडंच द्यायचं, फार भार टाकला की यंत्र बिथरतं. आणि प्रत करायची नाही, उचलून न्यायचं. "मागे सावली ठेवू नका," तो म्हणायचा. "अर्धा जीव इथे आणि अर्धा तिथे, अशाने प्रवाह तुंबतो. सगळं घेऊन जा!"

दुपार चढली तशी रांग चेकाळली. रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या. टॅगार्टचे हुंकार आखूड होत गेले. आधी मंदिरातल्या घंटेसारखे घुमणारे, नंतर चहाचा घोट घेतल्यासारखे. त्याच्या पायाशी ठेवलेल्या पेटीत नोटा टाकल्या जात होत्या आणि तो "पुढचा! पुढचा!" करत होता.

ल्युसियन फर्लांडची पाळी आली. ल्युसियन गिरणीत आयुष्यभर करवतीवर उभा राहिलेला, भिंतीसारखा माणूस. त्याची बायको ओडिल चर्चमध्ये गायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या गाण्यांच्या टेप त्याने स्वतः म्युरिएलच्या हातात आणून दिल्या होत्या, आणि संगणकात भरून झाल्यावर "आता घरी ठेवून काय करू, ऐकवत नाही," म्हणून टाकूनही दिल्या होत्या. आता मात्र त्याला ती गाणी हवी होती.

"सगळं घेतलं ना, ऑरिन?" त्याने विचारलं.

"सगळं. मागे काही ठेवलं नाही."

पट्टी सर्रकन भरली. एक छोटासा हुंकार. टॅगार्टने ड्राइव्ह खेचून त्याच्या हातात ठेवला. ल्युसियनने तो ओठांना लावला, टोपी काढली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. माझ्या शेजारची बाई रडायलाच लागली.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. गाडीत नातीचा लॅपटॉप होता, त्यावर त्याने ड्राइव्ह लावून पाहिला होता.

"ऑरिन, यात काही नाही."

"असं कसं होईल?"

"नावं आहेत. गाण्यांची नावं दिसतात. वाजत काहीच नाही."

टॅगार्टने ड्राइव्ह हातात घेतला, कानाशी नेला आणि डोकं हलवलं. "ल्युसियन, हुंकार भरताना तुझ्या मनात काय चाललं होतं, खरं सांग. संशय होता ना? थोडासा?"

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "नाही रे," तो म्हणाला. पण आवाज पडला होता, आणि मला दिसलं की तो खरोखर आठवून बघतोय, आपल्या मनात संशय होता का म्हणून. त्या क्षणी मला टॅगार्टचा जो राग आला, तसा राग आयुष्यात फार कमी वेळा आलाय.

"इथे संशयी माणसं उभी आहेत," टॅगार्टने माझ्याकडे न बघता सांगितलं. "त्यांच्यामुळे सगळ्यांना भोगावं लागतं. चला, पुढचा!"

पुढची होती डोरीन पाश्को. गिरणीच्या उपाहारगृहात काम करते. तिची मुलगी टेस सोळाव्या वर्षी नदीत बुडाली. शाळेच्या नाटकात टेसने केलेलं काम आणि एका दुपारी आईला हसवायला म्हणून केलेली तिची बडबड एवढंच त्या संगणकात होतं. ल्युसियनकडे बघून ती मागे सरकली, मग बाहेरच्या धुराकडे बघून पुन्हा पुढे झाली.

"डोरीन, थांब. तो ड्राइव्ह खाली ठेव."

दारात सॉल्विग ब्रॅनव्होल्ड उभ्या होत्या. बस चालवून कपडे चुरगळलेले, डोळे धुराने लाल. अर्धं गाव त्यांच्या विज्ञानाच्या वर्गात बसून गेलेलं, त्यामुळे पाय आपोआप बाजूला झाले. त्या सरळ ल्युसियनपाशी गेल्या. त्याचं बोलणं ऐकून घेतलं, मग टॅगार्टला विचारलं, "तू डोळे मिटून जी ओळ टाइप करतोस, ती काय आहे?"

"ती यंत्राला घातलेली हाक आहे, बाई. तिचं भाषांतर होत नाही."

"होतं. मला करता येतं. सरक जरा."

"बाई, वेळ नाही हो!" मागून कुणीतरी ओरडलं. "आग येतेय आणि तुम्ही वाद काय घालताय! पट्टी भरतेय ना?"

"भरतेय," बाई म्हणाल्या. "कशात भरतेय ते बघू. मला फार वेळ लागणार नाही. ज्यांना घाई आहे त्यांनीच बघायला हवं."

त्यांनी खिशातून सँडविच काढलं. त्याचा चंदेरी कागद सोलला, चुरगळून टोपण केलं आणि एका नव्या ड्राइव्हवर चढवलं. वाचनालयाचे काही फोटो निवडले, उचलून नव्हे, प्रत करून. पट्टी सर्रकन भरली.

"हे तांबं नाही," त्या म्हणाल्या. "हे माझ्या जेवणाचं वेष्टण आहे."

एकदोघे हसले. बाईंनी तोही कागद काढून टाकला आणि दुसरे फोटो निवडले. उघड्या ड्राइव्हवर. पट्टी तशीच सर्रकन भरली.

"आता ऑरिनचं टोपण." त्यांनी हात पुढे केला. टॅगार्टने टोपण मुठीत धरलं. डोरीनने ते त्याच्या मुठीतून काढून घेतलं. बाईंनी ते चढवलं, पण आधी स्वतः एक ओळ टाइप केली, उघड्या डोळ्यांनी. पट्टी हलली, थांबली, मुंगीएवढी हलली. तांब्याचं टोपण डोक्यावर घेऊन ती नेहमीसारखीच रखडत बसली.

"आता का नाही तांबं गाळ ओढून घेत?" मी न राहवून म्हणालो.

"तुम्ही थांबा," बाईंनी मला गप्प केलं. त्या लोकांकडे वळल्या. "गिरणीत लाकडाची गाडी येते. ड्रायव्हर ओंडके आवारात ओततो, गाडी रिकामी होते, तो म्हणतो, पोचलं. बरोबर? पण फळ्या झाल्या का? करवत तर तिच्या गतीनेच चालते. हा संगणकही तसाच आहे. तुमचे फोटो तो आधी आपल्या मेमरीत ओततो. ते आवार. ते भरायला वेळ लागत नाही. तिथून ड्राइव्हवर कोरायला वेळ लागतो, कारण हे ड्राइव्ह स्वस्तातले आणि मंद असतात. मी या संगणकाला सांगून ठेवलं होतं, करवतीचं काम होईपर्यंत पोचलं म्हणू नकोस. म्हणून तुम्हाला पट्टी रखडताना दिसायची. रखडत होती, पण खरं सांगत होती. ऑरिनने काय केलं? म्युरिएलच्या पासवर्डने ती सूचना पुसली. मग आवार भरलं की लगेच पट्टी म्हणते, झालं. मघाशी मी ती सूचना परत घातली, म्हणून पट्टी पुन्हा रखडली."

"पण सकाळी तर माझं सगळं नीट आलं होतं!" म्युरिएल म्हणाली. तिला ते मान्य करणं फार जड जात होतं.

"सकाळी हुंकार लांब होते ना?"

म्युरिएलने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही हुंकारत होता तेवढ्या वेळात करवत चालू होती. म्हणून एका वेळी थोडंच, कारण जास्त झालं तर आवारात मावत नाही आणि पट्टी अडते. आणि हे टोपण कशासाठी, बघायचंय?" बाईंनी ऑरिनची ओळ पुन्हा घातली, उघड्या ड्राइव्हवर मोठं काही टाकलं. पट्टी भरली. "झालं म्हणतोय. आता ड्राइव्हच्या टोकाकडे बघा."

टोकाला एक इवलासा निळा दिवा होता. तो लुकलुकत होता. सगळे वाकून बघू लागले. पट्टी भरून गेली होती आणि दिवा थांबायचं नाव घेत नव्हता.

"लुकलुकतोय म्हणजे अजून कोरतोय. टोपण नेमकं या दिव्यावर बसतं." आणि बोलता बोलता त्यांनी ड्राइव्ह उपटला, बाजूच्या संगणकाला लावला. शाळेच्या सहलीचा फोटो उघडला. वरच्या भागात मुलांचे केस आणि आकाश. खाली सगळा राखाडी पट्टा. पुढचे फोटो उघडलेच नाहीत.

ल्युसियनने हळूच विचारलं, "मग ओडिलचं, ते आवारातच राहिलं का?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "आवार पुसलं गेलं, ल्युसियन. आणि त्याने उचलून न्यायला लावलं, म्हणून मूळ जागेवरूनही गेलं. मी शोधून बघेन. खोटी आशा देणार नाही."

टॅगार्ट उठला होता. "तुमच्या विज्ञानाला सगळं कळतं का, बाई?" तो म्हणाला. "काही गोष्टी..."

"नाही कळत सगळं. पण दिवा झाकलाय की उघडा आहे, एवढं कळतं. तुलाही कळत होतं. नाहीतर टोपण नेमकं त्या दिव्यावर कशाला बसवलं असतंस?"

लोक त्याच्यावर धावून जातील असं मला वाटलं. पण कुणाला तेवढाही वेळ नव्हता. जो तो आपापला ड्राइव्ह घेऊन बाजूच्या संगणकाकडे पळाला, उघडून बघायला. कुणी सुटकेने ओरडत होतं, कुणी नुसतंच पडद्याकडे बघत होतं. त्या गोंधळात टॅगार्ट पेटी काखेत मारून मागच्या दाराने सटकला.

बाईंनी डोरीनचा ड्राइव्ह लावला. खरं सांगणारी, रखडणारी पट्टी सुरू झाली. डोरीन तिच्याकडे बघत उभी राहिली. पट्टी अर्ध्यावरही गेली नसेल, तोच बाहेर भोंगा वाजला आणि एक पोलीस आत आला. "सगळे बाहेर! आत्ता! वाऱ्याने दिशा बदललीय."

"माझं अर्धंच झालंय," डोरीन म्हणाली. "मी थांबते. तुम्ही जा."

"डोरीन, चल," मी म्हणालो.

"मी नाही येणार! तिला टाकून मी एकदा घरी आले होते, नदीवरून. पुन्हा नाही."

सॉल्विगबाई मागच्या खोलीकडे निघाल्या होत्या. "म्युरिएल, पेचकस कुठाय?"

"बाई, संगणक हलवायचा नाही, जिल्ह्याचा नियम आहे. मालमत्ता..."

"संगणक नाही हलवत. त्याच्यातली डिस्क काढतेय. विटेएवढी असते. सगळं गाव आहे तिच्यात."

म्युरिएल एक क्षण उभी राहिली. मग टेबलाचा खण उपसून पेचकस घेऊन धावली. बाईंनी संगणक रीतसर बंद केला, झाकण उघडलं, स्क्रू काढले. डिस्क म्युरिएलच्या स्वेटरमध्ये गुंडाळली, डोरीनला माझ्या गाडीत बसवलं आणि डिस्क तिच्या मांडीवर दिली. सगळं मिळून टॅगार्टच्या सकाळच्या दोन हुंकारांएवढाच वेळ लागला. दिवसभरात ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. चमत्कार समोर चालू असला की माणूस बाकीचं डोकं घरी ठेवून येतो.

शहरातल्या शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही खाटांवर राहिलो. टॅमरॅक फोर्डची नदीपलीकडची बाजू जळाली, डोरीनचं घर त्यातच गेलं. वाचनालयाचं छप्पर कोसळलं. सॉल्विगबाईंनी कुणाच्या तरी संगणकाला ती डिस्क जोडली आणि डोरीनला कानाला लावायला हेडफोन दिले. ती ऐकत होती तेव्हा आम्ही दुसरीकडे बघत होतो. मध्येच ती हसली, अगदी मोठ्याने, आणि मग कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

ल्युसियनसाठी बाई अनेक दिवस खपल्या. हाती तुकडे लागले. एका गाण्याची सुरुवात, एका गाण्याच्या मधल्या चार ओळी, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी ओडिलचं घसा साफ करणं. तेवढंच.

एका संध्याकाळी आम्ही सूप पीत बसलो होतो. आमच्याच गावातली एक बाई, सकाळी सकाळी टॅगार्टकडून सगळं नीट मिळालेली, ल्युसियनशेजारी येऊन बसली. तिला त्याची कीव येत होती. "काही म्हणा," ती म्हणाली, "माझं मात्र त्याने करून दिलं. मनापासून विश्वास ठेवला मी. तुमचा कदाचित थोडा कमी पडला असेल, ल्युसियन."

मी काहीतरी बोलणार होतो. ल्युसियनने हातानेच मला थांबवलं.

"माझा विश्वास पुरेपूर होता, बाई," तो म्हणाला. "म्हणून तर त्याच्या समोर उघडून बघितलं नाही."

सूप निवत गेलं.

मी ही हकीकत लिहितोय ती टॅगार्टसाठी नाही. त्याच्यासारखे पुढच्या गावात जातात, दुसरं टोपण काढतात. मी लिहितोय ते रांगेत उभ्या असलेल्या माणसांसाठी, ज्यांची घाई खरी असते, भीती खरी असते आणि ज्यांना कुणीतरी सांगतं की प्रश्न विचारलास तर काम बिघडेल. विचारा. ड्राइव्ह काढायच्या आधी संगणकाला काढू का म्हणून विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. घरी जायच्या आधी उघडून बघा. आणि जो माणूस उघडून बघू देत नाही, त्याच्या हातात आपलं काहीच देऊ नका, मग तो कितीही गोड हुंकारत असो.